आजाऱ्याला निजवावे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा "आरोग्यावर काहीतरी बोला" एवढेच त्यांनी सांगितले होते. आरोग्यावर काहीतरी म्हणजे जीवनसत्त्वे, पालेभाज्या आणि पहाटेचे फिरणे. हे आपण सर्वजणी इतक्या वेळा ऐकून बसलो आहोत की, मी पुन्हा सुरू केले तर मागच्या रांगेतल्या भगिनी हळूच चहाची चौकशी करू लागतील. पस्तीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले, आणि त्यातली पुष्कळ वर्षे छातीच्या रोग्यांत गेली. म्हणून आज एकच लहानसा विषय घेते. ज्याच्या फुप्फुसाला आजार आहे अशा माणसाला अंथरुणावर निजवावे कसे? उताणे, कुशीवर, पालथे, की मुळी निजवूच नये, बसते ठेवावे?

प्रश्न किरकोळ वाटतो खरा. औषध डॉक्टर देतात, इंजेक्शन सिस्टर देते. पण रात्री दोन वाजता आजाऱ्याच्या पाठीशी उशी द्यावयाची की काढावयाची, हे घरातली बाई ठरवते. तिला कोणी विचारत नाही आणि कोणी शिकवतही नाही. आणि फुप्फुसाच्या आजारात त्या उशीने रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण वर किंवा खाली जाऊ शकते. हे मी अनुभवाने सांगते आहेच. पण शास्त्रानेही ते मोजून पाहिले आहे.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपल्यापैकी कोणी विसरली असेल असे वाटत नाही. शहराचे नाव तेव्हा अजून औरंगाबाद होते. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, मराठवाड्यातून येणाऱ्या रोग्यांनी भरून गेली होती. चिकलठाण्याला महापालिकेने मेल्ट्रॉनच्या इमारतीत कोरोनाचे रुग्णालय उघडले होते. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, खाटेसाठी आणि प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक दारोदार फिरत होते. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला, आणि २२ रोगी दगावले. प्राणवायू ही वस्तू किती मोलाची आहे, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळले.

त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने एक चित्रांचे पत्रक काढले. ज्याचे प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली गेले आहे आणि ज्याला श्वासाला त्रास होतो आहे, त्याने घरी पालथे निजावे, असे त्यात सांगितले होते. पाच उशा कशा घ्यावयाच्या तेही दाखवले होते. पत्रक मोबाइलवरून घरोघरी पोहोचले. अनेकांना ते खरे वाटेना. "छाती भरली आहे आणि छातीवरच निजायचे? उलट गुदमरेल ना माणूस!" असे मला आमच्या गल्लीतच चार जणींनी विचारले. शंका अगदी स्वाभाविक होती. पालथे निजू नये, हे आपल्याला लहानपणापासून आजीने बजावलेले असते.

तेव्हा आधी कारण पाहू. कारण कळले की कृती आपोआप लक्षात राहते.

आपल्या फुप्फुसात वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांची संख्या थोडीथोडकी नव्हे, तीस ते पन्नास कोटींच्या घरात आहे. प्रत्येक पिशवीभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. पिशवीत हवा आली आणि जाळीत रक्त आले की दोघांची गाठ पडते आणि प्राणवायू रक्तात उतरतो. हवा आहे पण रक्त नाही, तर ती हवा फुकट. रक्त आहे पण हवा नाही, तर ते रक्त जसे आले तसेच, प्राणवायू न घेता, पुढे जाऊन चांगल्या रक्तात मिसळते. आजाऱ्याचा आकडा खाली येतो तो बहुधा या दुसऱ्या प्रकाराने.

आता गोधड्यांचे उदाहरण घ्या. पावसाळा संपल्यावर आपण गोधड्या धुतो आणि पिळून एकीवर एक रचतो. वरची गोधडी फुगलेली राहते; अगदी तळची मात्र वरच्या साऱ्यांच्या ओझ्याने चपटी होते. निरोगी फुप्फुस कोरड्या गोधडीसारखे हलके असते, त्यामुळे त्याला हे ओझे फारसे जाणवत नाही. न्यूमोनियाने किंवा कोरोनाने ते सुजून ओले झाले की जड होते. अशा माणसाला उताणे निजवले की पाठीकडचा भाग तळाशी जातो आणि वरच्या ओल्या भागाच्या ओझ्याने त्यातल्या पिशव्या मिटतात. त्यातच काळजाचे वजन वरून त्याच्यावर पडते आणि पोटातली आतडी छातीच्या पडद्याला मागून वर रेटतात. फुप्फुसाचा मोठा वाटा तर पाठीकडेच असतो. समोरच्या बाजूला फुप्फुस निमुळते, पाठीकडे भरदार. म्हणजे उताणे निजून आपण नेमका मोठा भाग मिटवून टाकतो.

माणूस पालथा झाला की काळीज छातीच्या हाडावर टेकते आणि फुप्फुस त्याच्या भारातून सुटते. पाठीकडचा भरदार भाग वर येतो आणि मिटलेल्या पिशव्या हळूहळू उघडतात. तळाशी आता निमुळता, लहान भाग असतो. तो थोडा दबला तरी नुकसान कमी. यातली खरी गंमत पुढेच आहे. आपल्याला वाटेल की पालथे झाल्यावर रक्तही वजनाने खाली, म्हणजे छातीच्या बाजूला, ओढले जाईल. पण तसे फारसे होत नाही. पाठीकडच्या भागाकडे रक्त जायचे ते बऱ्याच प्रमाणात जातच राहते. म्हणजे रक्त होते तेथेच राहिले, आणि जेथे हवा नव्हती तेथे हवा आली. एक थेंब औषध न देता हवेची आणि रक्ताची गाठ पडली!

ही युक्ती काही कोरोनात निघालेली नव्हे. १९७६ साली अमेरिकेत पील आणि ब्राउन या दोघांनी, श्वास बंद पडत चाललेल्या पाच रोग्यांना पालथे केल्यावर त्यांच्या रक्तातला प्राणवायू वाढल्याचे प्रसिद्ध केले होते. पुढे इटलीतल्या लुचानो गात्तिनोनी यांनी छातीची छायाचित्रे घेऊन पालथे झाल्यावर आत काय फिरते ते दाखवले. मग त्यांनी मोठी परीक्षा घेतली. तीनशेहून अधिक रोग्यांपैकी निम्म्यांना दिवसातून काही तास पालथे ठेवले आणि बाकीच्यांना नेहमीसारखे उताणे. निकाल २००१ साली आला. पालथ्या रोग्यांचा प्राणवायू वाढला होता. पण जगलेल्यांची संख्या काही वाढली नव्हती.

येथे मी थोडी थांबते. आकडा वाढला, पण माणसे वाढली नाहीत. आकड्याकडे टक लावून बसणाऱ्या आपल्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे फ्रान्समध्ये क्लोद गेरँ यांनी तोच प्रश्न निराळ्या तऱ्हेने घेतला. त्यांनी अगदी अत्यवस्थ, कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरचे रोगी निवडले आणि त्यांना थोडा वेळ नव्हे, तर सलग सोळा तास किंवा त्याहून अधिक पालथे ठेवले. असे ४६६ रोगी होते. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. उताणे ठेवलेल्यांत अठ्ठावीस दिवसांत शंभरातले तेहतीस दगावले, पालथे ठेवलेल्यांत सोळा. मृत्यू निम्म्यावर आले. नंतर त्याच रोग्यांची टिपणे पुन्हा तपासली तेव्हा आढळले की, ज्यांचा प्राणवायूचा आकडा जास्त वाढला तेच जगले असे मुळीच नव्हते. पालथे ठेवल्याने फुप्फुसावरचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि यंत्राच्या दाबाने होणारी इजा टळते. जीव वाचतो तो मुख्यतः त्यामुळे, असे आता मानतात.

यंत्रावरच्या रोग्याला पालथे करणे हे चार-पाच जणांचे काम असते. एक जण फक्त डोके आणि घशातली नळी धरतो आणि बाकीचे त्याच्या इशाऱ्यावर वळवतात. कोरोनाच्या दिवसांत अंगभर प्लास्टिकचा पोषाख घालून, मे महिन्याच्या उकाड्यात, आमच्या मुलींनी हे काम दिवसातून कितीदा केले असेल त्याची गणती नाही. कौतुक पुष्कळ झाले, टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. कंत्राटावर घेतलेल्या मुलींचे पगार पुढे वेळेवर झाले असते तर अधिक बरे झाले असते. असो.

आता शुद्धीवर असलेल्या, आपल्या आपण श्वास घेणाऱ्या रोग्याचे काय? घरात आपला संबंध येतो तो त्याच्याशी. २०२१ साली सहा देशांतल्या अकराशेहून अधिक कोरोनाच्या रोग्यांवर केलेल्या परीक्षांचा निकाल एकत्र प्रसिद्ध झाला. पालथे निजण्यास सांगितलेल्यांत शंभरातल्या चाळीस जणांना श्वासाचे यंत्र लावावे लागले किंवा मृत्यू आला. बाकीच्यांत शेचाळीस जणांना. नुसते मृत्यू मोजले तर फरक स्पष्ट दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, पण माफक आहे. शिवाय हे रोगी रुग्णालयात, प्राणवायू लावलेल्या अवस्थेत, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरातल्या एकट्या खोलीत नव्हते.

याचा अर्थ न समजल्याने काय होते ते सांगते. दुसऱ्या लाटेत माझ्या ओळखीच्या एका घरातले पन्नाशीचे गृहस्थ आजारी पडले. आकडा ८८. पत्रकात पाहून घरच्यांनी त्यांना पालथे केले आणि अर्ध्या तासात आकडा ९३ झाला. घरात सर्वांना हायसे वाटले. खाट मिळण्याची मारामार होतीच. त्यात रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी भीतीही तेव्हा मनात बसलेली होती. आता कशाला न्यायचे, असे ठरले. तीन दिवस ते पालथे निजून ९२-९३ दाखवत राहिले. जेवायला उठून बसले की ८४, पुन्हा पालथे झाले की ९१, मग ९०. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना नेले तेव्हा फार उशीर झाला होता. मला हे सारे मागाहून त्यांच्या पत्नीकडून कळले. त्या मला एवढेच विचारत होत्या, "सिस्टर, आकडा तर वाढला होता ना?"

वाढला होता, पण आजार हटला नव्हता. पालथे निजणे म्हणजे वैद्यापर्यंत पोहोचेतोवर मिळालेली सवड आहे. घरी आकडा घ्यावयाचा तो दोन्ही स्थितींत घ्यावा: पालथे असताना आणि उठून बसल्यावर दहा मिनिटांनी. बसल्यावर तो झरझर खाली येत असेल तर पालथेपणीच्या आकड्यावर विसंबू नये, सरळ रुग्णालय गाठावे. ९४ च्या खाली गेल्यास डॉक्टरांना कळवावे, ९० च्या खाली गेल्यास घरात बसूच नये. याचे कारण असे. आपल्याकडून चाळीसगावला जाताना कन्नड सोडेपर्यंत गाडी सपाटीवरून जाते आणि मग एकदम औट्रम घाट लागतो. रक्तातल्या प्राणवायूचे तसेच आहे. शंभरापासून नव्वदपर्यंत सपाटी आहे. फुप्फुसातला प्राणवायू बराच घटला तरी आकडा थोडाच हलतो. नव्वदच्या खाली घाट सुरू होतो. तेथे थोडे घटले तरी आकडा गडगडतो.

पालथे निजवण्याची रीत आता सांगते. एक उशी मानेखाली, एक किंवा दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. पोट थोडे मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर श्वास घेताना पोट फुगायला जागा उरत नाही. तोंड एका कुशीला वळवावे आणि मधून मधून बाजू बदलावी. कोणत्याही एका स्थितीत अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत राहावे. मग उजवी कूस, मग उशांना टेकून बसणे, मग डावी कूस, आणि पुन्हा पालथे. जेवणानंतर एक तास पालथे होऊ नये. जेवढे सोसेल तेवढेच करावे. गुदमरल्यासारखे झाले, आकडा खाली गेला, तर लगेच वळावे.

पत्रकात नसलेल्या काही गोष्टी बायकांसाठी सांगते. अंबाडा सोडून केस एका बाजूला घ्यावेत, नाहीतर मान वळत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या छातीत रुततात, म्हणून ते काढावे. सासूबाईंचे मन मोडत असेल तर निदान पाठीवर फिरवावे. परकराची नाडी सैल करावी. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका; कमरेला करकचून बांधलेल्या नाडीने पोटाचा श्वास अर्धा अडतो. बांगड्या गालाखाली येऊ देऊ नयेत. गाऊन किंवा सैल पोलके घालावे. वयस्क बायका परक्या माणसांसमोर पालथ्या निजायला लाजतात, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिले आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून मरणाच्या दारातली बाई उताणी पडून राहते. तिला ओरडून उपयोग नाही. पाठीवर एक चादर घालावी, पडदा ओढावा, जवळ एखादी बाई बसवावी. ती आपोआप पालथी होते.

सर्वांना हे चालत नाही. पाठीचा कणा, मांडीचे किंवा कमरेचे हाड मोडलेले असेल, काळजाचा मोठा विकार असेल, पायाच्या शिरेत नुकतीच रक्ताची गुठळी झाली असेल, तर पालथे करू नये. गरोदर स्त्रीनेही घरी हे करू नये, असे त्या पत्रकात होते. दिवस भरत आलेल्या स्त्रीने उताणेही फार वेळ राहू नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो; तिला डावी कूस बरी.

आणि तान्ह्या बाळांविषयी सांगितले नाही तर हे व्याख्यान धोक्याचे ठरेल. मोठ्या माणसाला पालथे निजवल्याने बरे वाटते हे ऐकून कोणी घरातल्या बाळाला पालथे निजवू नका. बाळाला उताणेच निजवावे. पालथ्या निजलेल्या तान्ह्या मुलांचे झोपेत अचानक मृत्यू होण्याचे प्रमाण जास्त असते. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दवाखान्यात काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पालथे ठेवतात, पण तेथे त्याच्या श्वासावर अष्टौप्रहर यंत्राची आणि परिचारिकेची नजर असते.

आता दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रोग्याकडे वळू. आपल्या खेड्यापाड्यांतून अशा बायका पुष्कळ दिसतात. आयुष्यात कधी विडी ओढलेली नसते, पण तुरीच्या, कपाशीच्या पळकाट्या आणि गोवऱ्या चुलीत घालता घालता चाळीस वर्षे धूर गिळलेला असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी, बार्न्स या इंग्रज डॉक्टरांबरोबर, २००९ साली जगातल्या वैद्यांपुढे हीच गोष्ट मांडली, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांतही श्वासनलिकांचा हा कायमचा आजार फार आहे, आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. या बाईला पालथे निजवायला गेलात तर ती तुम्हाला ढकलून देईल, आणि तिचेच बरोबर असेल. तिच्या फुप्फुसात हवा कोंडून राहते, छातीचा पडदा चपटा झालेला असतो. ती बसूनच बरी. पुढे स्टूल किंवा टेबल ठेवावे, त्यावर उशी, उशीवर हात आणि डोके. पुढे वाकले की पोटातून पडद्याला आधार मिळतो, आणि हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. चरकसंहितेतही तमकश्वासाच्या रोग्याचे वर्णन असेच आहे. त्याला निजले की त्रास वाढतो, बसले की सुख वाटते. मात्र या बसण्याने धाप कमी होते, आकडा फारसा हलेलच असे नाही.

या रोग्यांचा आकडा मुळातच कमी असतो. काहींना डॉक्टर ८८ ते ९२ एवढाच ठेवायला सांगतात, कारण फार प्राणवायू दिला तर त्यांच्या रक्तात कर्बवायू साचून गुंगी येऊ शकते. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून सिलिंडरची चावी वाढवू नये.

काळीज दुबळे झालेल्या माणसालाही रात्री उताणे निजवत नाही. आडवे झाले की पायांतले रक्त छातीकडे येते, फुप्फुसात पाणी साचते आणि तो मध्यरात्री घाबराघुबरा होऊन उठून बसतो. त्याला अर्धे बसते निजवावे. पण येथे एक चूक घरोघर होते. दोन उशा मानेखाली कोंबतात. त्याने हनुवटी छातीला टेकते, माणूस घसरत घसरत खाली येतो, कंबरेत मुडपतो आणि पोट वर दाबले जाते. बसवायचे ते खुब्यापासून. लोड कमरेपाशी नीट बसवावा, त्यावर तक्क्या, त्यावर लहान उशी, आणि गुडघ्यांखाली एक वळकटी, म्हणजे घसरण थांबते.

एकाच बाजूचा न्यूमोनिया असेल तर मोठ्या माणसाने चांगली बाजू खाली घालून निजावे. उजवीकडे आजार असेल तर डाव्या कुशीवर. रक्त वजनाने खालच्या फुप्फुसाकडे जास्त जाते. तेथे हवाही भरपूर असली की गाठ चांगली पडते. लहान मुलांत हे उलटे असते, म्हणून त्यांच्यावर हा नियम चालवू नये. आणि क्षयाच्या रोग्याला खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ज्या बाजूने रक्त येते ती खाली ठेवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे, नाहीतर ते रक्त चांगल्या फुप्फुसात उतरते.

याच्या अगदी उलट वागणारे आजारही आहेत. यकृताच्या काही जुन्या रोग्यांत बसले की प्राणवायू घटतो आणि निजले की वाढतो. ते थोडे असतात. पण आजारी माणूस "मला असे निजवू नका" म्हणत असेल तर आधी त्याचे ऐकावे, मग आकडा पाहावा.

आकडा दाखवणारे ते बोटाचे चिमटे आता पुष्कळ घरांत कपाटात पडून आहेत. त्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत सुचली. सारे जग त्यांचे यंत्र बोटाला लावत होते, त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले. यंत्र लावताना नखाचा रंग काढावा. मेंदीचे बोट टाळावे, विशेषतः काळ्या मेंदीचे. बोट गार असेल तर चोळून ऊब आणावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही आता सिद्ध झाले आहे. तेव्हा आकडा चांगला असूनही ओठ निळसर दिसत असतील, माणूस वाक्य पुरे न करता धापत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर यंत्रावर नव्हे, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

बोलणे पुष्कळ झाले. कोपऱ्यात सतरंजी अंथरली आहे. पाच उशा, एक लोड आणि एक तक्क्या मंडळाच्या भगिनींनी आणून ठेवला आहे. भजनी मंडळातल्या दोघी आजारी व्हायला तयार झाल्या आहेत. एक पालथी निजेल, दुसरी दम्याची. बाकीच्यांनी भोवती गोल करून बसावे. आणि पालथ्या निजणाऱ्या काकू, तुम्ही तेवढा अंबाडा सोडून या.